वय-पडताळणीचे कायदे आणि तुमचे अ‍ॅप : कामाला कुठून सुरुवात करावी

अ‍ॅप किंवा संकेतस्थळ चालवणाऱ्या छोट्या चमूला वय-पडताळणीच्या कायद्याची पहिली खबर बहुतेकदा अ‍ॅप स्टोअरकडून आलेल्या सूचनेतून लागते. सूचनेत एक मुदत असते, एखाद्या नव्या एपीआयचे (एका प्रणालीने दुसरीकडून माहिती घेण्याच्या जोडणीचे) नाव असते, पण नेमके करायचे काय याचा पत्ता नसतो. मग घाईघाईने नोंदणीच्या पानावर ओळखपत्राचा फोटो मागणारी चौकट टाकली जाते आणि काम उरकले असे मानले जाते. माझ्या मते हा सर्वांत वाईट मार्ग आहे. यांतला जवळजवळ प्रत्येक कायदा समोरची व्यक्ती कोणत्या वयोगटात मोडते एवढेच विचारतो. ती कोण आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. हा फरक शेवटपर्यंत सांभाळला, तर खर्च, धोका आणि वापरकर्त्यांचा वैताग तिन्ही कमी होतात. पुढील पायऱ्या याच धोरणाने मांडल्या आहेत. त्या वकिलाच्या सल्ल्याला पर्याय नाहीत. वकिलाकडे जाताना हातात कोणते कागद असावेत, ते मात्र त्यांतून तयार होतील.

पहिली पायरी : सेवेत काय काय चालते, ते लिहून काढणे

आपले अ‍ॅप ‘शैक्षणिक’ आहे किंवा ‘खेळाचे’ आहे, एवढ्या वर्णनाने काहीच ठरत नाही. कायदा अ‍ॅपच्या नावाकडे पाहत नाही, त्यातल्या सोयींकडे पाहतो. अनोळखी व्यक्तींना एकमेकांना संदेश पाठवता येतात का, वापरकर्ते स्वतःचे फोटो आणि व्हिडिओ सर्वांसाठी टाकू शकतात का, पुढे काय दाखवायचे हे वापराच्या सवयीवरून ठरते का, जाहिराती आवडीनिवडीचा माग काढून दाखवल्या जातात का, पैसे देऊन खरेदी होते का आणि प्रौढांसाठीचा मजकूर कुठेही, अगदी चुकूनही, दिसू शकतो का, या प्रश्नांची उत्तरे एका पानावर लिहावीत. गणित शिकवणाऱ्या अ‍ॅपमध्ये ‘शंका विचारा’ म्हणून खुली गप्पांची खोली असेल, तर नियामकाच्या दृष्टीने ते अ‍ॅप गणितापुरते उरत नाही.

या यादीचा आणखी एक उपयोग असा, की काही सोयी काढून टाकणे हे वय तपासण्यापेक्षा स्वस्त पडते हे तिच्यावरून लगेच दिसते. क्वचितच वापरली जाणारी गप्पांची खोली बंद केल्याने एखाद्या देशातील अर्धे ओझे उतरत असेल, तर ती बंद करावी. माग काढणाऱ्या जाहिरातींचेही तेच.

दुसरी पायरी : कोणता कायदा कोणत्या जातीचा, हे ओळखणे

वापरकर्ते कोणकोणत्या देशांत आहेत, याची यादी अ‍ॅप स्टोअरच्या अहवालातून मिळते. त्या यादीसमोर कायदे मांडताना प्रत्येकाचे कलम न् कलम वाचत बसण्याआधी तो चार जातींपैकी कोणत्या जातीचा आहे, ते पाहावे.

पहिली जात मजकुराभोवती कुंपण घालणारी आहे. ब्रिटनच्या २०२३ च्या ऑनलाइन सेफ्टी अ‍ॅक्टखालील मुलांच्या संरक्षणाची कर्तव्ये २५ जुलै २०२५ पासून लागू झाली असून, अश्लील मजकूर दाखवणाऱ्या सेवांनी ‘अत्यंत परिणामकारक’ वय-तपासणी करावी, अशी तेथील नियामक ऑफकॉमची अट आहे. दंडाची मर्यादा १.८ कोटी पौंड किंवा पात्र जागतिक उत्पन्नाच्या १० टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल ती आहे. अमेरिकेत टेक्सास राज्याचा असाच कायदा २७ जून २०२५ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ अशा मतांनी वैध ठरवला.

दुसरी जात खात्यावरच किमान वय लादते. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही आणि पालकांनी परवानगी दिली तरी त्याने काही फरक पडत नाही. कंपनीने वाजवी पावले उचलली नाहीत, तर ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. मुलांना किंवा पालकांना मात्र शिक्षा नाही. निव्वळ संदेशवहनाच्या, ऑनलाइन खेळांच्या, आरोग्याच्या आणि शिक्षणाच्या सेवा त्यातून वगळल्या आहेत.

तिसरी जात माहिती-संरक्षणाची आहे आणि ती सर्वांत जुनी आहे. अमेरिकेचा १९९८ चा कोप्पा कायदा १३ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यात ही वयोमर्यादा मुळात १६ आहे, पण सदस्य देशांना ती १३ पर्यंत खाली आणण्याची मुभा असल्यामुळे जर्मनीत १६, फ्रान्समध्ये १५, तर इटली आणि स्पेनमध्ये १४ अशी तिची शकले झाली आहेत. भारताच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती बालक ठरते. त्यातील कलम ९ प्रमाणे पालकांची संमती तर लागतेच. शिवाय मुलांचा माग काढणे, त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांना मनाई आहे. कर्तव्यभंगाचा दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांनुसार ही मुख्य कर्तव्ये १८ महिन्यांनी अमलात यायची आहेत. सर्वांचे वय तपासा, असे हा कायदा थेट म्हणत नाही. परंतु कोण बालक आहे हे कळल्याशिवाय त्याचे पालन शक्य नाही, त्यामुळे प्रश्न फिरून तिथेच येतो.

चौथी जात सर्वांत नवी आहे आणि छोट्या अ‍ॅपकर्त्यांवर तिचाच भार जास्त पडणार आहे. तिच्यात वय विचारण्याचे काम अ‍ॅप स्टोअरकडे किंवा फोनच्या कार्यप्रणालीकडे जाते आणि त्यांच्याकडून आलेला वयोगटाचा संकेत वाचून त्याप्रमाणे वागण्याची जबाबदारी अ‍ॅपवर येते. युटा राज्याने २०२५ च्या मार्चमध्ये असा कायदा केला, पाठोपाठ टेक्सास आणि लुईझियाना आले. कॅलिफोर्नियाचा कायदा १ जानेवारी २०२७ पासून लागू होणार आहे. टेक्सासचा कायदा १ जानेवारी २०२६ पासून सुरू व्हायचा होता, पण आदल्याच महिन्यात फेडरल न्यायालयाने त्याची अंमलबजावणी रोखली. म्हणून या जातीच्या कायद्यांच्या तारखा दिनदर्शिकेत पेन्सिलीनेच लिहाव्यात.

तिसरी पायरी : वयोगट ठरवणे

युटा, टेक्सास आणि कॅलिफोर्निया या तिन्ही कायद्यांनी पाडलेले वयोगट सुदैवाने एकच आहेत : १३ च्या खाली, १३ ते १५, १६ ते १७ आणि १८ व त्याहून अधिक. ऑस्ट्रेलियाची १६ ची, कोप्पाची १३ ची आणि भारताची १८ ची रेघ याच सांध्यांवर पडते. तेव्हा आपल्या डेटाबेसमध्येही हेच चार गट ठेवावेत. युरोपातील १४ आणि १५ या रेघा मधोमध येतात. तिथे १३ ते १५ हा पूर्ण गट पालकांच्या संमतीखाली धरला, की वेगळा हिशेब ठेवावा लागत नाही. त्यामुळे इटलीतल्या पंधरा वर्षांच्या मुलाला थोडा जाच होईल, हे मान्य आहे, पण त्यासाठी प्रत्येकाची जन्मतारीख साठवणे हा फार महाग उपाय आहे.

चौथी पायरी : तपासणीची पद्धत निवडणे

पद्धती तीन प्रकारच्या असतात. वापरकर्ता स्वतः वय सांगतो, ती घोषणा. चेहरा, ईमेलचा इतिहास किंवा वापराची पद्धत पाहून यंत्र वय ताडते, तो अंदाज. ओळखपत्र, बँक, क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल कंपनीच्या नोंदीवरून खात्री केली जाते, ती पडताळणी. कोणती पद्धत सर्वांत चांगली, हा प्रश्नच चुकीचा आहे. यादीतल्या कोणत्या सोयीसाठी किती खात्री हवी, असे विचारावे.

प्रौढांच्या मजकुरासाठी घोषणा चालत नाही. ऑफकॉमने हे स्पष्ट लिहिले आहे आणि त्यासोबत, ज्यासाठी १८ पूर्ण असणे आवश्यक नसते अशी डेबिट कार्डासारखी देयक-साधने आणि ‘ही सेवा फक्त प्रौढांसाठी आहे’ अशी नुसती अट, यांनाही अपुरे ठरवले आहे. त्याच्या मान्य यादीत ओळखपत्राशी चेहरा जुळवणे, चेहऱ्यावरून वयाचा अंदाज, बँकेकडून खात्री, मोबाइल कंपनीची तपासणी, क्रेडिट कार्ड, ईमेलवरून अंदाज आणि डिजिटल ओळखसेवा हे मार्ग येतात. याउलट कॅलिफोर्नियाचा कायदा फोन सुरू करताना खातेधारकाने सांगितलेल्या वयावर भागवतो आणि ओळखपत्र मागत नाही. ब्रिटनच्या भीतीने सगळ्या जगाला ओळखपत्र मागणे जसे अनाठायी, तसेच कॅलिफोर्नियाच्या भरवशावर ब्रिटनमध्ये घोषणेवर भागवणेही धोक्याचे आहे.

चेहऱ्यावरून अंदाज घेण्याबद्दल जरा विस्ताराने सांगायला हवे, कारण विक्रेते तो सर्वांत हिरिरीने विकतात. त्याची मोठी जमेची बाजू अशी, की फोटो फोनवरच तपासून तिथेच पुसून टाकता येतो आणि नाव कुणालाच कळत नाही. त्याची मर्यादा अशी, की तो अंदाज आहे. अमेरिकेच्या निस्ट या मानक-संस्थेने २०२४ मध्ये अशा सहा प्रणाली तपासल्या, तेव्हा फोटोचा दर्जा, लिंग, वय आणि व्यक्ती कोणत्या प्रदेशातली आहे यांनुसार चूक कमी-जास्त होते, असे दिसून आले. म्हणून १८ ची रेघ तपासायची असताना यंत्राची कसोटी १८ वर लावायची नसते. समजा, यंत्राने २५ किंवा त्याहून अधिक वय सांगितले तरच थेट प्रवेश, असे ठरवले, तर पस्तीस वर्षांची व्यक्ती सहज आत येते, पंधरा वर्षांचा मुलगा बहुधा अडतो आणि वीस वर्षांची तरुणी मधल्या पट्ट्यात सापडते. या तरुणीसाठी दुसरा मार्ग त्याच पडद्यावर तयार असला पाहिजे. तो नसेल, तर कायदा पाळता पाळता हक्काच्या वापरकर्त्यालाच दाराबाहेर उभे केल्यासारखे होते. विक्रेत्याला सरासरी अचूकता विचारण्याऐवजी १६ आणि १७ वर्षांच्या किती जणांना तुमची प्रणाली प्रौढ समजते, असे विचारावे. उत्तर टाळले, तर तेही एक उत्तरच आहे.

ऑस्ट्रेलियात एक अट विसरू नये : फक्त सरकारी ओळखपत्राचा मार्ग ठेवून चालत नाही, त्याला वाजवी पर्याय द्यावाच लागतो.

पाचवी पायरी : स्टोअरचा संकेत जोडणे

अ‍ॅपलकडे ‘डिक्लेअर्ड एज रेंज’ आणि गूगलकडे ‘प्ले एज सिग्नल्स’ या नावांचे एपीआय आहेत. दोन्हींतून जन्मतारीख मिळत नाही, वयाचा पट्टा मिळतो आणि आपल्याला तेवढाच हवा असतो. जोडणी सोपी आहे. चुकते ते उत्तर न आल्यावरचे वागणे. वापरकर्ता वय सांगायला नकार देऊ शकतो, त्याचा प्रदेश चौथ्या जातीच्या कायद्याखाली येत नसेल, फोन जुना असेल किंवा जोडणीच तुटेल. या प्रत्येक वेळी अ‍ॅप काय करील, हे आधी लिहून ठेवावे. मी सुचवीन ते असे, की उत्तर नसेल तेव्हा अ‍ॅप बंद न करता सर्वांत सुरक्षित रूपात उघडावे : गप्पा बंद, खाते खासगी, माग काढणाऱ्या जाहिराती नाहीत.

येथे एक कायदेशीर खाच आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात संकेत मिळाला, की त्या वापरकर्त्याचा वयोगट अ‍ॅपकर्त्याला ठाऊक आहे, असे धरले जाते. आलेला संकेत लॉगमध्ये पडू देऊन अ‍ॅप पूर्वीप्रमाणेच चालवत राहणे म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच जमवणे होय. तेथील दंड बाधित मुलागणिक मोजला जातो : निष्काळजीपणासाठी २,५०० डॉलरपर्यंत आणि हेतुपुरस्सर उल्लंघनासाठी ७,५०० डॉलरपर्यंत. संकेत वाचणारा कोड आणि सोयी बंद करणारा कोड एकाच आवृत्तीत बाहेर पडला पाहिजे.

सहावी पायरी : प्रश्न विचारायचा पडदा

जिथे घोषणेवर भागते, तिथेही प्रश्न कसा विचारला जातो याला महत्त्व आहे. ‘माझे वय १३ पेक्षा जास्त आहे’ असे लिहून शेजारी खूण करायची चौकट ठेवली, तर अपेक्षित उत्तर कोणते हे मुलाला आपणच सांगून टाकतो. अमेरिकेचा संघीय व्यापार आयोग तटस्थ प्रश्नाचा आग्रह धरतो. जन्माचा महिना आणि वर्ष मोकळेपणाने निवडू द्यावे, यादी आधीच एखाद्या प्रौढ वर्षावर थांबलेली नसावी आणि कमी वय भरल्यास खाते मिळणार नाही, असा इशारा प्रश्नाआधी देऊ नये. उत्तर आल्यावर मागे जाऊन वेगळे वर्ष भरता येणार नाही, याची सोय त्या सत्रापुरत्या कुकीने (ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीने) करावी. नाही म्हटल्यानंतर लगेच ‘पुन्हा प्रयत्न करा’ असे बटण दाखवणारी अ‍ॅप आजही आढळतात. त्यांच्या वय-प्रश्नाला काहीच अर्थ उरत नाही. भरलेले महिना-वर्ष गट ठरवण्यापुरते वापरून सोडून द्यावे.

सातवी पायरी : पालकांची संमती

पालकांचा ईमेल पत्ता मागून त्यावर दुवा पाठवणे बहुतेक ठिकाणी एकटे पुरत नाही, कारण तो पत्ता मुलाने स्वतःच उघडलेला असू शकतो. कोप्पामध्ये सही केलेला अर्ज, क्रेडिट कार्डाचा व्यवहार, दूरध्वनी किंवा व्हिडिओवरून संभाषण, ओळखपत्र तपासून ते लगेच पुसणे, असे अनेक मार्ग मान्य आहेत आणि २०२५ मधील सुधारणेने त्यांत भर घातली आहे. भारताच्या नियमांत संमती देणारी व्यक्ती प्रौढ आणि ओळख पटू शकणारी आहे, याची खातरजमा करायची असते. ती सेवेकडे आधीपासून असलेल्या विश्वसनीय माहितीवरून, पालकाने स्वेच्छेने दिलेल्या तपशिलावरून किंवा डिजिलॉकरसारख्या सेवेने दिलेल्या आभासी टोकनवरून करता येते. टोकनचा मार्ग मला सर्वांत सरस वाटतो, कारण त्यात कागद आपल्या हाती येतच नाही. संमती मागे घेण्याचे बटणही ती देण्याच्या बटणाइतकेच ठळक ठेवावे.

आठवी पायरी : काय ठेवायचे आणि काय पुसायचे

हा या कामाचा गाभा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपने जाहीर केले, की त्यांच्या ग्राहकसेवेचे काम पाहणाऱ्या बाहेरच्या पुरवठादाराकडील घुसखोरीत सुमारे ७० हजार वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघड झाले असण्याची शक्यता आहे. त्यांतले बरेच फोटो वयाच्या निर्णयाविरुद्ध दाद मागताना लोकांनी पाठवले होते. वय तपासणारी मुख्य प्रणाली चोख असून उपयोग झाला नाही. गळती मदतकक्षाच्या बाजूने झाली. म्हणून पुसण्याचा नियम लिहिताना मदतीच्या ईमेलला जोडलेली चित्रे, रोजच्या बॅकअप प्रती, चाचणीसाठी काढलेल्या नकला आणि त्रुटींच्या नोंदी यांचीही नावे घ्यावीत.

प्रत्येक खात्यामागे फक्त पाच रकाने ठेवावेत : वयोगट, पद्धत, तारीख, देश आणि पडताळणी करणाऱ्याने दिलेला पावती-क्रमांक. ‘१६ ते १७, स्टोअर-संकेत, ४ मार्च, ब्रिटन’ आणि पावती-क्रमांक एवढ्या ओळीवरून नियामकाला तपासणी झाल्याचे दाखवता येते आणि चोराच्या हाती काही लागत नाही. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात तर वय तपासण्यासाठी घेतलेली माहिती तो हेतू पूर्ण होताच नष्ट करण्याचे बंधनच आहे. फ्रान्समधील नियामक आर्कोमने प्रौढ मजकुरासाठी यापुढचे पाऊल टाकले : संकेतस्थळाला व्यक्ती कोण हे कळू नये आणि पडताळणी करणाऱ्याला ती कोणत्या संकेतस्थळावर चालली आहे हे कळू नये, अशा दुहेरी अनामिकतेचा पर्याय द्यावाच लागतो. युरोपीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये मांडलेला वय-पडताळणी अ‍ॅपचा आराखडाही याच दिशेचा आहे. त्यातून संकेतस्थळाला ‘१८ पूर्ण’ एवढाच दाखला मिळतो. आज आपल्या सेवेला हे सक्तीचे नसले, तरी विक्रेता निवडताना अशी पद्धत त्याच्याकडे आहे का, हे विचारून ठेवावे.

विक्रेत्याशी करार करताना फोटो किती वेळात पुसला जातो, तो कोणत्या देशात तपासला जातो, आपल्या वापरकर्त्यांच्या चेहऱ्यांवर तो स्वतःची प्रणाली शिकवतो का आणि त्याने आणखी कोणाला काम दिले आहे का, हे चार मुद्दे लेखी घ्यावेत. ‘उद्योगातील सर्वोत्तम मानकांनुसार’ असे उत्तर आल्यास तास आणि दिवसांत आकडा मागावा.

नववी पायरी : दाद, वाढदिवस आणि जुनी खाती

चुकीने अल्पवयीन ठरलेल्या प्रौढाला दाद मागता आली पाहिजे आणि ती मागताना आधीपेक्षा जास्त कागद द्यावे लागू नयेत. दादेचा मार्ग मदतीच्या ईमेलमधून न नेता विक्रेत्याच्याच दुसऱ्या पद्धतीकडे वळवला, की डिस्कॉर्डसारखा प्रसंग टळतो. वाढदिवसाचा प्रश्न जन्मतारीख न ठेवताही सुटतो : घोषणेने किंवा पडताळणीने नेमका महिना कळला असेल, तर पुढचा गट ज्या महिन्यात सुरू होईल तेवढाच महिना वरच्या पाच रकान्यांच्या जोडीला नोंदवावा, स्टोअरचा संकेत असेल, तर तो ठरावीक काळाने पुन्हा विचारावा.

जुनी खाती हे सर्वांत किचकट काम असते, कारण त्या लोकांना कधी कुणी वय विचारलेलेच नसते. सर्वांना एकाच दिवशी अडवू नये. दहा-बारा वर्षे सुरू असलेले खाते अगदी लहान मुलाचे नसणार, हे उघड आहे. अशा खात्यांना शेवटी हात लावावा आणि आधी अलीकडची, गप्पा किंवा प्रौढ सोयी वापरणारी खाती घ्यावीत. ज्या देशात किमान वयामुळे खाते बंदच करावे लागेल, तिथे बंद होण्यापूर्वी स्वतःचे फोटो आणि मजकूर उतरवून घेण्याची सोय आणि पुरेशी मुदत द्यावी. वय पूर्ण झाल्यावर तेच खाते पुन्हा उघडता येणार असेल, तर तसे त्या सूचनेतच, मुलाला समजेल अशा दोन वाक्यांत लिहावे.